लेकरू शिकतं, पण जेवतं कुठे?

 

आजच्या बोलण्याची सुरुवात आमच्या गटाच्या जूनमधल्या सभेपासून करतो. हप्ते गोळा झाले होते, वही मिटायची वेळ झाली होती. तेवढ्यात एक सभासद हळूच म्हणाली, "मला सहा हजार पाहिजेत. पोरीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय." आम्ही विचारलं, फीसाठी का? ती म्हणाली, "फी माफ होतेय. राहायचं न् खायचं कुठं, त्याचे पैसे पाहिजेत."

मग वाद सुरू झाला. एक म्हणाली, कर्ज द्या, नेहमीच्या व्याजाने. दुसरी म्हणाली, पोरीच्या शिक्षणावर व्याज कसलं घ्यायचं? तिसरी म्हणाली, आज हिला दिलं तर उद्या दुसरीला द्यावं लागेल. आणि कोपऱ्यातून एक आवाज आला, "वीटभट्टीवरच्या पोरांचं काय? ती तर शाळेतच जात नाहीत." त्यावर लगेच उत्तर आलं, "आपल्याच पोरींना पुरत नाही, परक्यांना कुठून देणार?"

त्या दिवशी निकाल लागला नाही. आम्ही ठरवलं की आपल्या आधी लोकांनी हे कसं केलं ते पाहू. गोरगरिबाच्या लेकरांना शिकवायला हातभार लावणारी माणसं आपल्या भागात, आपल्या महाराष्ट्रात कमी झाली नाहीत. त्यांनी काय केलं, कुठे अडलं, कुठे जमलं, हे आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

सगळ्यात जुनी रीत माधुकरीची. शिकणारा मुलगा पाच घरी जायचा, दारात उभा राहायचा, घरातली बाई त्याच्या झोळीत भात-भाकरी घालायची. दुसरी रीत वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरं वाटून घ्यायची. पुण्यात शिकायला आलेली कितीतरी गरीब मुलं अशी वारावर जगून शिकली. आपल्या शेजारच्या आळंदीत विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथेही विद्यार्थ्यांनी गावात माधुकरी मागून पोट भरलं आणि ज्ञानेश्वरीचा अभ्यास केला.

या रीतीत एक मोठी गोष्ट होती. शिकणाऱ्याला जेवू घालणं ही सगळ्या गावाची जबाबदारी मानली जायची. आणि ती जबाबदारी रोज पार पाडायची ती चुलीपुढची बाई. तिचं नाव मात्र कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

पण दोन खोट्याही होत्या. पुण्यातल्या वाराची घरं जात बघून मिळायची. ब्राह्मणाच्या मुलाला ती सहज मिळत, कुणब्याच्या मुलाला अवघड आणि महार-मांगांच्या मुलाला तर कुणी उंबऱ्याजवळही उभं करत नसे. शिवाय त्या काळात मुलींनी शिकायचंच नव्हतं, मग त्यांना वार कोण लावून देणार? दुसरी खोट मानाची. रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, कुणी हसत वाढायचं, कुणी आदळआपट करत. ज्यांनी हे सोसलं, त्यांच्या मनात ते शेवटपर्यंत राहिलं. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. गरीब मुलाला दारोदार न हिंडता एका छपराखाली राहून, जेवून शिकता यावं, हा त्यामागचा विचार होता. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते.

आता त्याच्याही मागे जाऊ. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं दुसरं काम मात्र कमी सांगितलं जातं. १८७६-७७ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सावित्रीबाई आपल्याच भागात होत्या. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ओलांडून गेलं की जुन्नर तालुक्यात ओतूर लागतं. त्या ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. जनावरं मरतायत, माणसं गाव सोडून चाललीयत, आणि सत्यशोधक समाजाची माणसं मदतीला उभी आहेत, असं त्यात लिहिलं आहे. त्याच दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून मुलांच्या जेवणाची सोय केली गेली.

ज्या बाईने शाळा काढली, तिनेच पुढे अन्नछत्रही चालवलं. उपाशी लेकरापुढे पाटी ठेवून उपयोग नाही, हे तिला कळलं होतं.

वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना, बायकांना घेऊन आल्या. आपल्याच जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. शेकडो मुली तिथे आल्या. त्यांना नुसतं अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकवलं, छापखान्यापासून विणकामापर्यंत हाताला काम शिकवलं. ज्या मुलींना कुणीच नव्हतं, त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

दुष्काळ सरला, तरी खेड्यातल्या मुलाची अडचण सरत नाही. गावात चौथीपर्यंतच शाळा असेल, तर पुढे शहरात जावं लागतं. शहरात राहायचं कुठे? इथून वसतिगृहांची गोष्ट सुरू होते.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा मुलांसाठी वसतिगृह काढलं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुलं, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. प्रत्येक समाजाचं वेगळं, कारण त्या काळी मुलं एका पंगतीला बसत नसत. शिवाय १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

त्याच कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकलेला एक मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. इथे एक पाऊल पुढे पडलं. सगळ्या जातींची मुलं एका घरात राहत, एका चुलीवरचं जेवत, एकत्र काम करत. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण मैत्रिणींनो, त्या चुलीवर शिजायला धान्य कुठून यायचं? भाऊराव गावोगाव फिरून मदत गोळा करत. ती कमी पडली की घर चालवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर, त्यांच्या पत्नीवर. त्या बाईने मुलांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. नवरा जिवंत असताना गळ्यातलं मंगळसूत्र काढणं म्हणजे त्या काळी काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. आज रयतच्या शाळा-कॉलेजांत लाखो मुलं शिकतात, त्या झाडाच्या मुळाशी हे सोनं आहे.

अशीच हकिगत रमाबाई आंबेडकरांची सांगतात. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह. वसतिगृह का, तर ते स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना १९१३ साली परदेशी शिकायला पाठवलं होतं. पोटाची सोय नसेल तर हुशारी वाया जाते, हे त्यांनी अनुभवलं होतं. रमाई एकदा धारवाडच्या वसतिगृहात राहायला गेल्या होत्या. मुलांना जेवायला नाही असं दिसलं, तेव्हा त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असं आजही सांगितलं जातं.

एक पाटलीण, एक रमाई. दोघींनीही दुसऱ्याच्या लेकरांसाठी अंगावरचं सोनं उतरवलं.

पण सोनं एकदाच मोडता येतं. संस्था वर्षानुवर्षं चालवायची तर मागत राहावं लागतं, आणि मागणं हेही काम आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला. त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले होत्या. कर्व्यांच्या मेहुणी, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या गावोगाव फिरल्या, सभांतून बोलल्या. इंग्रजी येत नव्हतं, तरी ते शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी त्या १९१८ साली अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करून राहिल्या. हात पसरताना त्यांना लाज वाटली नाही, कारण स्वतःसाठी पसरला नव्हता. आपल्यातल्या किती जणींना चार घरी जाऊन वर्गणी मागायला संकोच वाटतो, त्यांनी पार्वतीबाईंना आठवावं.

इथवरच्या सगळ्या कामांत मूल शाळेकडे आलं. पण जे मूल येऊच शकत नाही, त्याचं काय? भट्टीवरच्या मुलांबद्दल आमच्या सभेत जो प्रश्न निघाला, तो हाच.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथून आली. पुढे कोसबाडला गेल्यावर पाहिलं, तर आदिवासी मुलं गुरं राखायला जातात. मग त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरतायत आणि तिथेच कुरणात मुलं शिकतायत. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि आज गावोगाव अंगणवाडी आहे. पण तिचं मूळ त्या दोन बायकांच्या साध्या विचारात आहे, की मूल येत नसेल तर आपण जायचं.

पुण्यात निर्मलाताई पुरंदऱ्यांनी १९८१ साली वनस्थळी ही संस्था काढली. खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायचं शिक्षण द्यायचं, म्हणजे शिकवणारी बाई बाहेरून आणायला नको, हे तिचं काम. मुंबईत १९८८ साली डोअर स्टेप स्कूल सुरू झालं. पुढे पुण्यात त्यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच वर्ग भरवले. इमारत पूर्ण झाली की मजूर पुढच्या जागी जातात, तसा वर्गही पुढे जातो.

आता आपल्या चाकणकडे या. एकेकाळी चाकण म्हटलं की संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार. आता जिकडे बघावं तिकडे कारखाने. मोटारी, दुचाकी, त्यांचे सुटे भाग. त्यांच्या मागोमाग राज्यभरातून, परराज्यांतून माणसं आली. आपल्यातल्या किती जणींनी मागच्या अंगणात खोल्या काढून भाड्याने दिल्या. आणि ही सगळी बांधकामं ज्या विटांवर उभी राहिली, त्या विटा थापणारी कुटुंबं भट्टीवर राहतात. मालकाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर येतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत जातात. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा ती गावी. दिवाळीनंतर शाळा रंगात येते, तेव्हा ती इथे. पटावर नाव एका गावात, मूल दुसऱ्या गावात. आई-बाप पहाटे कामाला लागतात आणि आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे, आणि वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश द्यावा लागतो. पण त्या पोरीला शाळेत घेऊन जाणार कोण?

पैसा नाही असं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या, नफ्यातल्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण त्यात येतं. आपल्या पट्ट्यात त्यातून वर्गखोल्या झाल्या, स्वच्छतागृहं झाली, संगणक आले. मुलींसाठी स्वच्छतागृह झालं की मोठ्या मुली शाळा सोडत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचं मोल मोठं आहे.

पण एक प्रसंग सांगावासा वाटतो. नाव कुणाचं घेत नाही. एका शाळेत वह्यावाटप होतं. गरीब मुलांना वेगळी रांग. प्रत्येकाला पुढे बोलवायचं, वही हातात द्यायची, फोटो काढायचा. आमच्या एका सभासदाची नात घरी आली आणि वही दप्तरातून काढेना. विचारलं तर म्हणाली, "ती वही काढली की सगळ्यांना कळतं." मैत्रिणींनो, माधुकरीच्या दारातली ती जुनी सल आणि ही सल वेगळी आहे का? शंभर वर्षांपूर्वी लोकांनी वसतिगृहं काढली, ती मुलाला मान खाली घालावी लागू नये म्हणून. आपण परत तिथेच येऊन पोहोचायचं का?

जवळचीच एक चांगली गोष्ट सांगतो. अशोक देशमाने या तरुणाने आयटीतली नोकरी सोडून २०१५ च्या सुमारास भोसरीत स्नेहवन सुरू केलं. दुष्काळी भागातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातली मुलं तिथे राहतात आणि शिकतात. पुढे ते काम आपल्या खेड तालुक्यात कोयाळीला आलं. आणि पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली काढलेली. खेड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरीब मुला-मुलींना तिथे कमी खर्चात राहता येतं. वसतिगृहातली कामं विद्यार्थी वाटून घेतात, आणि तिथे शिकून गेलेले पुढे दुसऱ्याला हात देतात. मुलगी बारावीला असतानाच अशा जागांची चौकशी करा. प्रवेश झाल्यावर धावपळ केली तर जागा भरलेल्या असतात.

आता पुन्हा आमच्या सभेकडे. बचत गटांना आपल्या तालुक्यात मोठी परंपरा आहे. राजगुरुनगरला सुधा कोठारी यांनी १९९३ साली चैतन्य संस्था उभी केली आणि महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या चळवळीला इथून बळ मिळालं. शाळेतली खिचडीसुद्धा कितीतरी गावांत गटाच्याच बायका शिजवतात. १९९५ साली ही योजना आली तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि चूल परत बायकांच्या हाती आली. फरक इतकाच, की आता त्या चुलीपुढे कुणाची जात विचारायची नाही.

दुसऱ्या सभेत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. पहिली, दर महिन्याला प्रत्येकीने हप्त्याशिवाय दहा रुपये शिक्षणासाठी वेगळे ठेवायचे, आणि त्याची वही वेगळी. दुसरी, यातून दिलेल्या पैशावर व्याज नाही. मुलगी कमावती झाली की तिने तेवढेच पैसे परत पेटीत टाकायचे, पुढच्या मुलीसाठी. तिसरी, कुणाला दिले ते सभेबाहेर बोलायचं नाही. हार नाही, फोटो नाही. चौथी, मदत मागायला आलेल्या आईला मार्क विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे: लेकरू जेवतं कुठे, झोपतं कुठे, आणि जातं-येतं कसं?

आमच्या त्या सभासदाच्या मुलीला सहा हजार दिले. ती आता पुण्यात आहे.

भट्टीच्या प्रश्नावर आमचं अजून एकमत नाही, हे खरं सांगतो. "परक्यांना कुठून देणार" असं जी म्हणाली, तीही चुकीचं बोलली नव्हती. तिच्याच घरी दोन पोरी शिकतायत. पण त्यात पैशाचा प्रश्न फारसा नाही, हे आम्हाला या अभ्यासातून कळलं. शाळेत दाखला मागितला तर अडू नका, कायदा मुलाच्या बाजूने आहे, हे जाऊन सांगायला पैसे लागत नाहीत. धाकट्याला अंगणवाडीत बसवलं, तर थोरलीचे हात मोकळे होतात. एवढं करायला आमच्यातल्या तिघी तयार झाल्या आहेत. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की त्या सरांना भेटून, अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन भट्टीवर जाणार आहेत. परवा सभा संपताना "परक्यांना कुठून" म्हणणारी तीच बाई म्हणाली, "जाताना मला हाक मारा. मला त्यांची भाषा थोडी येते."

तुमच्या गटातही असा प्रश्न निघाला असेल, तर तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भट्टीवर काय झालं ते सांगू. तोवर रामराम.